हिपा नक्की कोणाला पाळावा लागतो?

अवनी_एन

नमस्कार मंडळी,

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या ज्येष्ठ नागरिक गटाची सहल ठरली आहे. निघण्याआधी प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घेतला. चालू असलेली औषधं, ॲलर्जी, जुने आजार, अडीअडचणीला कोणाला फोन करायचा, एवढंच. वाटेत कोणाला काही झालं तर शोधाशोध नको हा हेतू. पण कोणीतरी ती सगळी यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकली, आणि एका काकांचं एक औषध, जे त्यांनी घरच्यांशिवाय कोणाला सांगितलं नव्हतं, ते घरोघरी पोचलं. औषधाचं नाव वाचून आजार ओळखणारे आपल्यात कमी नाहीत. काका खूप दुखावले आहेत. "हा सरळसरळ हिपाचा भंग आहे, मी तक्रार करणार," म्हणाले. (हिपा म्हणजे इथे अमेरिकेत रुग्णांची माहिती जपणारा कायदा.)

आता कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, हिपा फक्त डॉक्टर-हॉस्पिटलांसाठी. दुसऱ्यांचं म्हणणं, आजारपणाची माहिती जो कोणी हाताळेल त्या प्रत्येकासाठी. मला भांडणात तेल ओतायचं नाही, खरं काय ते समजून घ्यायचंय. हिपा नक्की कोणाला पाळावा लागतो? मंडळाला? ऑफिसला? कॉलेजला? फोनमधल्या ॲपला?

रानवाट

मंडळाला हिपा लागू नाही. पण यादी व्हॉट्सॲपवर टाकणं चूकच. काकांची माफी मागायला कायदा कशाला हवा?

शमा_ओहायो

रानवाट यांचं बरोबर आहे. मी मेडिकल बिलिंगमध्ये आहे, हा कायदा रोज हाताखालून जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

हिपा १९९६ चा. नोकरी बदलली तरी आरोग्यविमा तुटू नये आणि बिलांची देवाणघेवाण कागदावरून संगणकावर यावी, यासाठी तो आला. बिलं संगणकावरून जाणार म्हटल्यावर माणसांची दुखणीही त्याच वाटेनं जाणार, मग ती जपण्याचे नियम हवेत, हे त्याला जोडून आलं. हे नियम, म्हणजे प्रायव्हसी रूल, पाळणं बंधनकारक झालं ते एप्रिल २००३ पासून. हा इतिहास सांगायचं कारण, "कोणाला लागू" याचं उत्तर त्यातच आहे. बिलाच्या वाटेवर जे बसलेत त्यांना हा कायदा लागू होतो.

असे मूळचे तीन. एक, उपचार करणारे: डॉक्टर, हॉस्पिटल, दातांचा दवाखाना, फार्मसी, नर्सिंग होम. पण त्यातही अट आहे, त्यांनी क्लेम (विम्याकडे पैशांची मागणी), विमा चालू आहे का याची चौकशी वगैरे ठरावीक व्यवहार इलेक्ट्रॉनिक पद्धतीने केलेले असले पाहिजेत. विमा अजिबात न घेता फक्त रोखीवर चालणारा, असा एकही व्यवहार न करणारा थेरपिस्ट हिपाच्या बाहेर राहू शकतो. दोन, आरोग्य योजना: विमा कंपन्या, मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना, नोकरीतून मिळणारी योजना. तीन, क्लिअरिंगहाऊस, ज्यांचं नावही पेशंटच्या कानावर पडत नाही.

त्याचं थोडं सांगते. दवाखान्यातून क्लेम निघतो त्या फाइलला आम्ही ८३७ म्हणतो. उघडून पाहिली तर नुसत्या तारांकनांनी तोडलेल्या ओळी. एका ओळीत पेशंटचं नाव, एका ओळीत जन्मतारीख आणि लिंग, आणि 'एचआय'ने सुरू होणाऱ्या ओळीत निदानाचे कोड. ई११.९ म्हणजे टाइप टू डायबिटीस. एफ३२ने सुरुवात झाली की डिप्रेशन. दवाखाना ही फाइल क्लिअरिंगहाऊसला देतो, ते तपासून, हव्या त्या साच्यात बसवून विमा कंपनीकडे पाठवतात. पैसे किती मिळाले, किती कापले, ते ८३५ मध्ये परत येतं. २०२४ च्या फेब्रुवारीत चेंज हेल्थकेअरवर सायबर हल्ला झाला तेव्हा देशभर औषधांच्या दुकानांत खोळंबा झाला, आठवत असेल. ती कंपनी हेच काम करते. सुमारे १९ कोटी लोकांची माहिती त्यात सापडली. त्यातल्या बहुतेकांना आपली माहिती तिथे असते हेच माहीत नव्हतं.

तर अवनीताई, मंडळ या तिघांपैकी कोणीच नाही. माहिती तीच असली तरी ती कोणाच्या हातात आहे यावर हिपा लागू होणं ठरतं.

अवनी_एन

शमाताई, खूप आभार. म्हणजे काकांच्या डॉक्टरांच्या ऑफिसातून तेच औषध बाहेर गेलं असतं तर भंग, आणि आमच्या फॉर्ममधून गेलं तर नाही?

शमा_ओहायो

हो, अगदी तसंच.

तात्या_डॅलस

थांबा थांबा, एवढ्यात निकाल देऊ नका. केंद्राचा हिपा हा किमान नियम आहे, त्याहून कडक कायदा करायला राज्यं मोकळी आहेत. आमच्या टेक्सासात वैद्यकीय नोंदींचा वेगळा कायदा आहे. २०१२ च्या सप्टेंबरपासून त्यात एचबी ३०० या विधेयकाच्या दुरुस्त्या लागू झाल्या, आणि त्यातली "कोणाला लागू" ही व्याख्या हिपापेक्षा कितीतरी रुंद आहे. अशी माहिती गोळा करणारा, साठवणारा, पाठवणारा, किंवा ती ज्याच्या ताब्यात येते तो, असं तिथे लिहिलंय. धंदा म्हणून करा, नाहीतर ना-नफा तत्त्वावर. शिवाय कॅलिफोर्नियाचा वैद्यकीय माहितीच्या गोपनीयतेचा कायदा, सीएमआयए, १९८१ पासूनचा आहे, हिपाच्या कितीतरी आधीचा.

मी वकील नाही. पण "हिपा लागू नाही" म्हणजे "कुठलाच कायदा लागू नाही" असं समजून कार्यकारिणीने झोपू नये. अवनीताई, तुमचं राज्य कुठलं ते बघून एखाद्या वकिलाला विचारा. मंडळात एक तरी असतोच.

रानवाट

तात्या, मुद्दा मान्य. मी हिपापुरतंच बोललो होतो.

फुलराणी७

आमच्या भिशीला हिपा लागू झाला तर बोलायला विषयच उरणार नाहीत :)

डॉ_मधुरा

फुलराणी, हसले, पण खरं सांगते, आम्हा डॉक्टरांना सगळ्यात अवघड जागा हीच असते. गणपतीच्या कार्यक्रमात हातात प्रसादाची वाटी असते आणि कोणीतरी प्रेमानेच विचारतं, "जोशीकाका तुमच्याच हॉस्पिटलात होते ना? काय झालंय त्यांना?" मी काहीच सांगू शकत नाही. काय झालंय हे तर नाहीच, ते आमच्याकडे होते की नव्हते हेसुद्धा नाही. लोकांना वाटतं बाई शिष्ट आहे. जोशीकाकूंनी स्वतः पन्नास जणांना सांगितलं तरी हरकत नाही, त्यांच्यावर हिपाचं बंधन नाही. माझ्यावर आहे.

आणि बंधन नुसतं तोंडावर नसतं, डोळ्यांवरही असतं. उपचारांशी संबंध नसताना कोणाची फाइल उघडणं हाही भंग. आमच्याकडे काही फाइलींना वेगळं कुलूप असतं, 'ब्रेक द ग्लास' म्हणतात. उघडायला गेलं की आधी एक चौकट येते: तुम्ही ही फाइल का उघडताय? कारण निवडा, पासवर्ड पुन्हा टाका. सहकाऱ्याची फाइल, ओळखीच्या माणसाची फाइल, हात तिथेच थांबतो. ते कुलूप नसलेल्या फाइलींवरही कोणी, कधी, कुठून उघडलं याची नोंद होतच असते. यूसीएलएच्या हॉस्पिटलांत कर्मचाऱ्यांनी नामवंत रुग्णांच्या फाइली नुसत्या कुतूहलाने पाहिल्या होत्या. २०११ मध्ये त्या संस्थेने ८,६५,५०० डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं.

अनय_क

मग एक विचारतो. आई भारतातून आली होती, इथे तिला ॲडमिट करावं लागलं. तिला इंग्रजी बेताचंच येतं. मी बाहेर बसून नर्सला विचारतोय, रिपोर्ट काय आला, तर "हिपामुळे सांगता येणार नाही." आई आत घाबरलेली, मी बाहेर घाबरलेलो. हॉस्पिटलचं नाव घेत नाही. पण जो कायदा पेशंटसाठी आहे तो पेशंटच्या मुलालाच दारात उभं करतो, याचा मला अजून राग आहे.

डॉ_मधुरा

अनय, राग रास्त आहे, पण तो कायद्यावर नको. हिपा असं म्हणतच नाही. पेशंटच्या काळजीत सहभागी असलेल्या घरच्या माणसाला त्या काळजीपुरतं सांगायला परवानगी आहे. पेशंटला विचारायचं, "मुलाला सांगू ना?" ती हो म्हणाली, किंवा तिने हरकत घेतली नाही, तर सांगता येतं. लेखी सहीची सक्ती नाही. पेशंट बेशुद्ध असेल तर तिच्या भल्याचं काय हे डॉक्टर ठरवू शकतात. अडचण अशी की कायदा इथे "सांगू शकता" म्हणतो, "सांगाच" म्हणत नाही. घाबरलेल्या कर्मचाऱ्याला 'नाही' म्हणणं सोपं जातं.

पुढच्या वेळी आत जाऊन आईच्या समोरच विचारायचं. आणि हॉस्पिटलने दुभाषी द्यायला हवा, तो मागून घ्या. मुलाला स्वतःच्या आईसाठी भाषांतर करायला लावणं बरं नाही. कितीतरी आया मुलासमोर बोलतच नाहीत.

अनय_क

"मुलासमोर बोलतच नाहीत" हे तंतोतंत खरं आहे. धन्यवाद मधुराताई.

दोघींची_आई

अनयसारखंच, फक्त उलट बाजूने. थोरली आता १८ पूर्ण होऊन कॉलेजात गेली. तिथल्या हेल्थ सेंटरमध्ये गेली होती, खूप ताप होता. मी फोन केला तर काही सांगेनात. मी तिची आई, फी मी भरते, विमा माझ्या नोकरीचा. हेही हिपामुळेच का?

तात्या_डॅलस

वहिनी, १८ झालं की झालं. कायद्याने ती मोठी माणूस.

शंतनू_पी

तात्या, वयाचं बरोबर, पण कायदा बहुधा दुसराच आहे. कॉलेजने आपल्याच विद्यार्थ्यांसाठी चालवलेल्या हेल्थ सेंटरमधल्या नोंदी सहसा हिपात येत नाहीत, फर्पामध्ये येतात, म्हणजे १९७४ च्या शैक्षणिक नोंदींच्या कायद्यात. हिपाच्या व्याख्येतूनच त्या नोंदी वगळलेल्या आहेत. शाळेतल्या नर्सकडच्या नोंदींचंही बहुतेक तसंच. याउलट, तीच मुलगी विद्यापीठाच्या मोठ्या हॉस्पिटलात ॲडमिट झाली तर तिथे हिपा.

फर्पात एक खिडकी आहे. करात अवलंबून म्हणून दाखवलेल्या मुलाच्या शैक्षणिक नोंदी पालकांना द्यायला कॉलेजला मुभा आहे. मुभाच, सक्ती नाही. आणि जीवाला धोका असेल तर पालकांना कळवता येतं. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मुलगी सुट्टीत घरी आली की तिच्याशी बोलून, तिची मर्जी असेल तर, दोन कागदांवर तिची सही घेऊन ठेवा: एक कॉलेज हेल्थ सेंटरच्या परवानगीचा, एक हिपाच्या परवानगीचा.

दोघींची_आई

"तिची मर्जी असेल तर" हे वाचून आधी टोचलं. मग वाटलं, बरोबरच आहे. करते तसं.

शंतनू_पी

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण शमाताईंच्या तिघांमध्ये एक चौथा राहिला. मी आयटीवाला, आणि तो चौथा म्हणजे आम्हीच. बिझनेस असोसिएट. हॉस्पिटल किंवा विमा कंपनीसाठी काम करताना ज्याला पेशंटची माहिती हाताळावी लागते तो प्रत्येक जण: बिलिंग कंपनी, क्लाउड, ट्रान्सक्रिप्शन, कागद फाडून नष्ट करणारी कंपनी, फाइली बघणारा बाहेरचा वकील.

पूर्वी यांच्यावर फक्त करारापुरतं बंधन होतं. २००९ चा हायटेक नावाचा कायदा आला, त्याचे नियम २०१३ मध्ये पक्के झाले, सप्टेंबर २०१३ पासून लागू. तेव्हापासून बिझनेस असोसिएट थेट सरकारला जबाबदार. त्याने काम पुढे दुसऱ्याला दिलं तर तो दुसराही बिझनेस असोसिएट, मग तिसराही. क्लाउडवाला म्हणाला, "माहिती कुलूपबंद आहे, किल्ली आमच्याकडे नाही, आम्ही वाचूच शकत नाही," तरी तो सुटत नाही. साठवली ना? मग लागू. सुटतो कोण, तर नुसता वाहून नेणारा: पोस्ट, कुरिअर, इंटरनेटची लाइन देणारा. आणि ऑफिस झाडणारा, कारण माहिती हाताळणं हे त्याचं कामच नाही.

आता जरा आपल्या घरचं. आमची अर्धी टीम पुण्यात बसते. हिपा माहिती देशाबाहेर न्यायला मनाई करत नाही, पण काही राज्यांच्या मेडिकेडच्या करारांत ती मनाई असते. पुण्यातल्या पोराला आपण जे बघतोय ते कोणाचं तरी खरं दुखणं आहे हे कोणी सांगितलेलं नसतं. वर्षातून एकदा स्लाइड पुढे ढकलत ट्रेनिंग उरकलं की झालं. मला हे फार खटकतं. टेस्टिंगसाठी खऱ्या पेशंटचा डेटा मागितला की मी नाही म्हणतो, आणि त्यावरून वाद घालतो. "काम होण्यापुरतीच माहिती द्या" ही अट खुद्द कायद्यातच आहे. टेस्टिंगला खरी नावं लागत नाहीत.

शमा_ओहायो

शंतनू, शेवटच्या परिच्छेदासाठी मनापासून आभार. आमच्याकडे मुली रुळल्या की निदानाचे कोड नुसते आकडे होऊन जातात. नवीन आलेल्या मुलीला मी पहिल्या दिवशी एक क्लेम उघडून दाखवते आणि सांगते, ही बाई आत्ता कुठेतरी रिझल्टची वाट बघत बसली असेल.

कोकणकन्या

एचआरमधून बोलते. सगळ्यात जास्त गैरसमज ऑफिसबद्दल आहेत. मालक म्हणून कंपनीला हिपा लागू नाही. आजारपणाच्या रजेसाठी डॉक्टरची चिठ्ठी मागितली, हिपाचा भंग नाही. कोविडमध्ये "लस घेतली का?" विचारलं की लोक हिपाचं नाव घ्यायचे. तोही भंग नव्हता, आणि आरोग्य खात्याने सप्टेंबर २०२१ मध्ये तसं स्पष्ट लिहून दिलं. हिपा प्रश्न विचारण्यावर बंदी घालत नाही. ज्यांना तो लागू आहे त्यांनी उत्तर कोणाला द्यावं, हे तो ठरवतो. मॅनेजरने तुमच्या डॉक्टरला परस्पर फोन केला तर डॉक्टरने तुमच्या लेखी परवानगीशिवाय काही सांगायचं नाही. बंधन आहे ते फोन उचलणाऱ्यावर.

पण म्हणून ऑफिस मोकाट नाही. १९९० च्या एडीए, म्हणजे अपंगांच्या हक्कांच्या कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्याची वैद्यकीय माहिती नेहमीच्या फाइलपासून वेगळी आणि गोपनीय ठेवावी लागते. आमच्याकडे वेगळं कपाट आहे, किल्ली दोघींकडेच.

आणि एक गुंता. पुष्कळ मोठ्या कंपन्या आरोग्य योजनेचे पैसे स्वतःच भरतात, विमा कंपनी नुसता कारभार बघते. अशा वेळी ती *योजना* हिपाखाली येते, कंपनी नाही. मग एकाच कंपनीत भिंत घालावी लागते: योजनेचे क्लेम बघणारी माणसं वेगळी, बढती-बदली ठरवणारी वेगळी. ५० पेक्षा कमी लोकांची, मालक स्वतःच चालवत असलेली योजना मात्र सुटते.

पक्षीनिरीक्षक

मनगटावरचं घड्याळ रात्रभर माझे ठोके मोजतं. ते कुठे बसतं?

शंतनू_पी

सहसा कुठेच नाही. तुम्ही स्वतः विकत घेतलंत, स्वतः ॲपमध्ये माहिती भरलीत, तर हिपा नाही. तेच यंत्र हॉस्पिटलने तुम्हाला लावलं आणि माहिती त्यांच्यासाठी गोळा होत असेल तर मात्र आहे.

पक्षीनिरीक्षक

म्हणजे कार्डिऑलॉजिस्टकडच्या ईसीजीला पहारा आणि माझ्या हातावरच्याला नाही? हे मला पटत नाही. कायदा १९९६ चा, तेव्हा अशी घड्याळं नव्हती हे समजतं, पण आता आहेत ना? मग या कायद्याचा उपयोग काय? पहारा पुढच्या दाराला आणि मागचं दार सताड उघडं.

वकीलसाहेबा

पक्षीनिरीक्षक, मागच्या दाराला अगदीच कोणी नाही असं नाही. तिथे एफटीसी आहे, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणारं खातं. हिपाखाली न येणाऱ्या आरोग्य ॲप्ससाठी त्यांचा माहितीफुटीचा नियम २००९ पासून आहे. बराच काळ कोणी वापरला नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत पहिल्यांदा वापरला, गुडआरएक्स या औषधांवर सवलत शोधून देणाऱ्या कंपनीवर. लोक कुठलं औषध शोधतात ही माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, गूगलकडे जात होती असा आरोप होता. १५ लाख डॉलरचा दंड. त्याच वर्षी बेटरहेल्पला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. समुपदेशनासाठी आलेल्या लोकांची माहिती जाहिरातदारांकडे गेली म्हणून. २०२४ मध्ये तो नियम आणखी स्पष्ट केला.

राज्यंही हलली आहेत. वॉशिंग्टन राज्याचा माय हेल्थ माय डेटा कायदा २०२३ चा, बहुतेक कंपन्यांना मार्च २०२४ अखेरीपासून लागू. हिपा ज्यांना पकडत नाही त्यांच्याचसाठी तो केला आहे, आणि त्यात माणसाला स्वतः कोर्टात जाता येतं. हिपात तसं जाता येत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. हिपाखाली तुम्ही दावा लावू शकत नाही. आरोग्य खात्याच्या नागरी हक्क कार्यालयाकडे तक्रार करायची, कळल्यापासून १८० दिवसांच्या आत. पुढे काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. २००९ पासून राज्यांच्या ॲटर्नी जनरलनाही, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलांनाही, खटला भरता येतो.

तरी तुमचा मूळ मुद्दा खरा आहे. २३अँडमी ही थुंकीवरून डीएनए तपासणारी कंपनी २०२५ च्या मार्चमध्ये दिवाळखोरीत गेली तेव्हा कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरलनी लोकांना सांगितलं, आपला डेटा पुसून टाका. थुंकीची नळी पाठवणाऱ्या लाखो लोकांना वाटलं होतं की डीएनए म्हणजे वैद्यकीय माहिती, त्याला हिपा असणारच. नव्हता.

फुलराणी७

बाप रे. मी ती नळी दिवाळीत भेट म्हणून दिली होती दोघांना.

वकीलसाहेबा

खात्यात लॉगिन करून डेटा आणि नमुना दोन्ही नष्ट करायची विनंती टाकायला सांगा त्यांना.

सदाफुली

नावं काढून डेटा दिला की प्रश्नच मिटतो ना पण? आमच्या कंपनीत तसंच सांगतात.

शंतनू_पी

सदाफुली, नावं काढून भागत नाही. नव्वदीच्या दशकात मॅसॅच्युसेट्सने राज्य कर्मचाऱ्यांच्या हॉस्पिटल नोंदी नावं काढून संशोधनासाठी दिल्या होत्या. लटान्या स्वीनी तेव्हा एमआयटीत शिकत होत्या. त्यांनी तिथल्याच केंब्रिज शहराच्या मतदारांची यादी २० डॉलरना विकत घेतली, जन्मतारीख, लिंग आणि झिप कोड जुळवले, आणि गव्हर्नर विल्यम वेल्ड यांची नोंद शोधून काढली. पुढे त्यांनी दाखवलं की या तीनच गोष्टींवरून अमेरिकेतली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव ठरतात. म्हणून ओळख पुसण्याच्या हिपाच्या सोप्या पद्धतीत १८ प्रकारचे तपशील काढावे लागतात, पूर्ण जन्मतारीखसुद्धा. ते नीट काढले तर तो डेटा हिपाच्या बाहेर जातो.

पक्षीनिरीक्षक

हे माहीत नव्हतं. "उपयोग काय" हे मी जरा जास्तच बोललो, पण घड्याळाचं मत कायम आहे. ठोके तेच, हृदय तेच, तर हक्कही तेच हवेत.

डॉ_मधुरा

+१. आणि कायद्याचा उपयोग विचारताय तर एक सांगते. हिपा नुसतं लपवायला शिकवत नाही. आपली स्वतःची फाइल मागायचा हक्क तोच देतो, आणि ती ३० दिवसांत मिळाली पाहिजे. फार तर कारण लेखी देऊन आणखी ३० दिवस. माझ्या पेशंटनी ती मागावी असं मला मनापासून वाटतं, फार थोडे मागतात.

अवनी_एन

सगळ्यांचे आभार, कार्यकारिणीच्या बैठकीत हा धागा जवळजवळ पूर्ण वाचून दाखवला. आमच्या राज्यात टेक्साससारखा रुंद कायदा नाही, असं मंडळातल्या वकीलताईंनी सांगितलं. पण तोवर तो मुद्दा मागे पडला होता. अध्यक्ष आणि मी काकांच्या घरी गेलो. काका म्हणाले, "मला कायद्याचं कलम नको होतं, चूक झाली हे कोणीतरी म्हणायला हवं होतं." ते आम्ही म्हटलं, आणि गटावरही लिहिलं.

यादी सगळ्यांच्या फोनवरून पुसायला सांगितली आहे, किती जण पुसतील ते आमच्या हातात नाही. यापुढे ऑनलाइन फॉर्म बंद. प्रत्येकाने आपली माहिती कागदावर लिहून बंद पाकिटात स्वतःच्याच बॅगेत ठेवायची, वर नाव आणि घरच्यांचा फोन. गरज पडली तर पाकीट ॲम्ब्युलन्सवाल्यांच्या हातात.

तात्या_डॅलस

हे उत्तम केलंत. आमच्या मंडळालाही पाठवतो. फक्त गुडघ्याच्या ऑपरेशनची माहिती आमचे ज्येष्ठ बंद पाकिटात ठेवतील याची खात्री नाही, ते स्टेजवरून सांगतात :)

रानवाट

अवनीताई, पाकिटावर "फक्त आणीबाणीत उघडा" असं इंग्रजीत लिहा, ॲम्ब्युलन्सवाल्यांना मराठी कुठून येणार. बरं, ते विम्याला बिल लावतात, म्हणजे त्यांच्या हातात गेल्यावर हिपा लागू, बरोबर ना शमाताई?

शमा_ओहायो

बरोबर. पोलीस आधी पोचले आणि त्यांनी उघडलं तर मात्र नाही.

कट्टेकरी_नवा

उशिरा आलो. एक राहिलं वाटतं. आयुर्विमा घेताना एजंटने एका कागदावर सही घेतली, "कुठल्याही डॉक्टरकडून माझी माहिती मागवायला परवानगी." आयुर्विमा कंपनीला हिपा आहे का?

वकीलसाहेबा

नाही. आरोग्यविम्याला आहे, आयुर्विम्याला नाही. कामावरच्या दुखापतीचा विमा देणाऱ्यांनाही नाही. तुमचे डॉक्टर हिपाखाली आहेत म्हणूनच त्यांना तुमच्या सहीचा कागद लागतो, आणि एकदा माहिती आयुर्विमा कंपनीकडे पोचली की तिथे हिपाचं संरक्षण उरत नाही, तिथून पुढे राज्याचे विम्याचे कायदे. म्हणून सही करण्याआधी तीन गोष्टी वाचायच्या: कुठली माहिती, कोणाला, आणि कधीपर्यंत. मुदत किंवा ती कशाने संपते हे त्या कागदावर लिहिलेलं असलंच पाहिजे. परवानगी लेखी पत्राने मागे घेता येते, पण त्याआधी गेलेली माहिती परत येत नाही, आणि पॉलिसीला आव्हान द्यायचा हक्क कंपनीला कायद्याने असेल तर तेवढ्यापुरतं मागेही घेता येत नाही. तुमच्या कागदावर "कुठल्याही" लिहिलंय म्हणता, तर तो आधी पुन्हा काढून बघा आणि मुदत इथे सांगा.

कट्टेकरी_नवा

बघितलं. सहीपासून २४ महिने लिहिलंय. एजंटकडून माझी प्रत उद्या मागून घेतो, माझ्याकडे नुसता फोनवरचा फोटो आहे.